बाबांची मरणोत्तर कमाई

आमचे बाबा ११ नोव्हेंबर २०२५ ला गेले. घरात याबद्दल दुमत नाही. नगर निगमने तसा दाखला दिला आहे. शिवनाथेच्या घाटावरच्या कावळ्याने तर पहिल्याच हाकेत शिवून मान्यता दिली. मान्य नव्हतं ते फक्त आयकराच्या कागदांना. त्या कागदांनुसार बाबा ३० नोव्हेंबरपर्यंत पेन्शन कमावत होते. गेल्यानंतर १९ दिवस.

आता झालं असं, की नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या परीक्षेचा महिना. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला पटवून द्यायचं. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावावी लागे. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ आलं आणि आता तर मोबाइलसमोर चेहरा धरून डोळे मिचकावले की माणूस वर्षभरासाठी जिवंत. ३ नोव्हेंबरला भिलाईच्या पावर हाउस भागातल्या आमच्या घरात मी खाटेवरच्या बाबांपुढे फोन धरला. ॲप म्हणालं, डोळे मिचकावा. बाबांनी रेल्वेच्या बुकिंग खिडकीत पस्तीस वर्षं काढलेली. खिडकीपलीकडच्याने हुकूम सोडला की तो पाळायची त्यांना सवय नव्हती. “त्याले म्हण, आधी सुट्टे काढ,” म्हणाले. दुसऱ्या खेपेला मात्र मिचकावले. हयातीचा दाखला निघाला, पुढच्या नोव्हेंबरपर्यंतचा.

आठव्या दिवशी बाबा मुदतीआधीच गेले.

फेब्रुवारीत त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती. ऐंशी पूर्ण झाली की केंद्राच्या पेन्शनरला मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला पुरे १०० टक्के. सरकारची ही योजना मला फार आवडते. यात सरकारचा उदारपणा आहेच, शिवाय आकडेशास्त्रावरचा गाढ विश्वासही आहे. बाबा तीन महिने कमी पडले. बुकिंगच्या भाषेत सांगायचं तर वेटिंग लिस्ट एकवर येऊन थांबली आणि चार्ट निघाला.

तेरावं आटोपून मी बँकेत गेलो. (कोणती बँक ते विचारू नका. कोणतीही घ्या.) मृत्यूचा दाखला दिला, बाबांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश दिला, आईचा फोटो दिला. बाई म्हणाल्या, या महिन्याचं पेन्शन प्रोसेस झालं आहे. महिनाअखेरीस ३९,८९५ रुपये खात्यात जमा झाले. डिसेंबर लागताच त्यातले २५,२६७ रुपये बँकेने परत काढून घेतले. १९ दिवसांचे. न विचारता, न सांगता, एका रात्रीत. तक्रार नाही. नियमच आहे, ज्या दिवशी पेन्शनर जातो त्या दिवसापर्यंतचं पेन्शन त्याचं, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन.

तर मग दुसऱ्या दिवसापासूनचं, म्हणजे त्याच १९ दिवसांचं, आईचं फॅमिली पेन्शन १५,१६० रुपये होत होतं. ते आलं मार्चमध्ये. बाबांचे १९ दिवस वसूल करायला एक रात्र लागली, आईचे १९ दिवस द्यायला चार महिने. दिवस तेच, खातं तेच, बँकही तीच.

खातं तेच राहिलं हीसुद्धा लढाईच होती. बँक म्हणे, फॅमिली पेन्शनसाठी नवं खातं उघडा. केंद्र सरकारचा नियम सांगतो, की नवरा-बायकोचं जॉइंट खातं असेल तर फॅमिली पेन्शन त्याच खात्यात येऊ शकतं, नव्या खात्याचा आग्रह धरायचा नाही. मी हे हिंदीत सांगितलं, मग मराठीत पुटपुटलो, मग छापून नेलं. छापल्यावर पटलं. आमच्याकडे भाषांचं असंच आहे. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, बँकेत हिंदी आणि पोर्टलवर इंग्रजी. रडायचं कोणत्या भाषेत हे खिडकी बघून ठरवावं लागतं.

जूनमध्ये बँकेने बाबांचा फॉर्म १६ दिला. मी तो टेबलावर ठेवून महिन्यांची बेरीज केली आणि पुन्हा केली. नोव्हेंबर पूर्ण! ३९,८९५. परत काढून घेतलेले २५,२६७ कुठेच वजा नाहीत. पैसे गेले, उत्पन्न राहिलं. मेल्यावर माणूस सोबत काही नेत नाही असं म्हणतात. बाबांनी १९ दिवसांची मिळकत नेली असा सरकारी पुरावा माझ्याकडे आहे.

“तो क्या हुआ,” पावर हाउस मार्केटातले आमचे सीएसाहेब म्हणाले, “टॅक्स तो झीरो है.”

खरंच शून्य होता. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही आणि बाबांचं बुकिंग क्लार्काचं पेन्शन त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नव्हतं. मग रिटर्न कशाला? तर रिफंडसाठी. दर एप्रिलला बाबा एफडीच्या व्याजावर कर कापू नये म्हणून १५ एच फॉर्म भरून येत. ज्येष्ठांना व्याजावरची टीडीएसची मर्यादा आता एक लाख आहे आणि बाबांचं व्याज एक लाख वीस हजार होत होतं. नेमकं त्या एप्रिलला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि १५ एच राहून गेला. बँकेने बारा हजार कापले. म्हणजे बाबा सरकारला काही देणं लागत नव्हते, सरकारच त्यांना लागत होतं. आणि गाडी सुटल्यावर तिकिटाचे पैसे परत मागणाऱ्याकडे बाबा खिडकीतून कसे बघायचे, ते मला आठवत होतं.

मेलेल्या माणसाचं रिटर्न कोणी भरायचं, याची सोय १९६१ च्या कायद्यात कलम १५९ ने केली आहे. वारसाने भरायचं. कर असेल तर तो वारसाने द्यायचा, पण मागे राहिलेल्या इस्टेटीपुरताच, स्वतःच्या खिशातून नाही. किती द्यायचा, तर तो माणूस मेला नसता तर जेवढा त्याला द्यावा लागला असता तेवढा. ‘मेला नसता तर’ हे कायद्यातच आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. सहा महिने तिची निम्मी वाक्यं याच धर्तीवर सुरू होत होती. ते असते तर गॅस असा संपला नसता, ते असते तर दूधवाल्याने ही हिंमत केली नसती. आता तिला कळलं की दिल्लीत बसून कायदा लिहिणारेसुद्धा असंच बोलतात.

पोर्टलवर वारस म्हणून नाव नोंदवायचं असतं. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा. हा पुरावा म्हटला की लोक तहसीलकडे धावतात, कोणी कोर्टाकडे, कोणी चॉइस सेंटरच्या पोराला विचारत बसतो. वास्तविक तहसीलचा दाखला चालतो, नोंदणी केलेलं मृत्युपत्र चालतं, आणि सरकारी फॅमिली पेन्शनचा कागदही चालतो. तो तर घरातच होता, देवघराखालच्या ट्रंकेत, बाबांच्या जुन्या पासांच्या शेजारी. मग आईलाच प्रतिनिधी केलं. अर्ज मंजूर झाला. आता भारत सरकारच्या नोंदीत आमची आई आमच्या बाबांची अधिकृत प्रतिनिधी आहे. पन्नास वर्षं हेच काम ती मंजुरीशिवाय करत होती.

तहसीलमध्ये गेलो असतो तर आणखी एक पंचाईत होती. बाबांचा जन्म १९४६ चा, दुर्ग जिल्ह्यातला. तेव्हा हा भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला तो नव्या मध्य प्रदेशात गेला, राजधानी भोपाळ. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ, राजधानी रायपूर. बाबांनी जिल्हा सोडला नाही, तरी तीन राज्यांत राहून झालं. जन्माचं राज्य या रकान्यात काय लिहायचं यावर मी आणि माझा भाऊ एक पूर्ण संध्याकाळ भांडलो. तेवढ्यात आई म्हणाली, “नागपूर लिहा. त्याहिले आवडलं असतं.”

हे सगळं चालू असताना सीएसाहेबांनी मला एक परिपत्रक दाखवलं. ५ ऑगस्ट २०२४ चं, क्रमांक ८. पॅन आणि आधार जोडला नाही तर जास्त दराने टीडीएस कापायचा, हा नियम तुम्हाला माहीतच आहे. पण ज्याचा कर कापायचा तो माणूसच जोडण्याआधी मेला असेल तर? प्रत्यक्ष कर मंडळाने विचार केला, आणि ३१ मे २०२४ पर्यंत मेलेल्यांच्या बाबतीत कमी कापणाऱ्याला सूट दिली. मरणाला मुदत! ३१ मेपर्यंत गेलात तर ठीक, १ जूनला गेलात तर आधार जोडून जायला काय झालं होतं?

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून ठेवलं आहे, की मेलेल्या माणसाच्या नावे काढलेली नोटीस ही नोटीसच नव्हे, आणि माणूस मेला हे खात्याला कळवायचं कायदेशीर बंधन वारसांवर नाही. गुजरातच्या उच्च न्यायालयाचं २०१८ मध्ये साधारण हेच म्हणणं होतं. तरी देशभर अशा नोटिसा निघतात आणि वारस उत्तरं लिहीत बसतात. उलट बाजूही आहे. आझमगढचे लाल बिहारी जिवंतपणी महसूल दप्तरात मेले. नातेवाइकांनी जमिनीसाठी मारले. मग त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, मृतकांचा संघ काढला, निवडणुका लढवल्या आणि १९९४ ला कागदावर जिवंत झाले. या देशात मरण्यापेक्षा अवघड गोष्ट एकच, कागदावरही त्याच तारखेला मरणं.

त्या तारखेवरून एक फुकटचा सल्ला. केंद्र सरकारचं मासिक पेन्शन महिनाअखेरीला येतं. मार्चचं तेवढं एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येतं. तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नये. माणूस एका आर्थिक वर्षात आणि त्याचे पैसे दुसऱ्या वर्षात, मधल्या मध्ये वारसाचा सीए श्रीमंत.

तिकडे अमेरिकेत म्हणे सोपं आहे. आमचा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्या सासऱ्यांच्या वेळी त्याने सांगितलं. सोशल सिक्युरिटीत ज्या महिन्यात माणूस जातो त्या महिन्याचं काहीच मिळत नाही. ३० तारखेला गेला तरी नाही. आलेले पैसे परत. आणि मृत्यूपोटी एकरकमी २५५ डॉलर, तेही नवरा-बायको किंवा ठराविक मुलं असली तर. आमच्या सरकारने बाबांचे ११ दिवस मोजून दिले, मरणाचा दिवस धरून. हे ऐकून आईला जरा बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरचं वाईट ऐकून बरं वाटतं, यात राष्ट्रभक्तीही असेल.

आता आईच्या पेन्शनकडे. बाबांना शेवटच्या पगाराच्या निम्मं मिळायचं, आईला ३० टक्के. रुपयाचे साठ पैसे झाले. दोन माणसांतलं एक कमी झालं, खर्च निम्मा व्हायला हवा, मग साठ पैसे म्हणजे वर दहा पैसे नफाच, असा हिशेब कुणीतरी वातानुकूलित खोलीत केला असणार. घराचा पत्रा, विजेचं बिल आणि देवाचं तेल निम्मं होत नाही, हे त्या खोलीत दिसत नसावं.

पण खरी मौज कराच्या रकान्यात. बाबांचं पेन्शन हा कायद्याने ‘पगार’ होता. पगार म्हणून त्यांना नव्या पद्धतीत ७५,००० ची सरसकट वजावट. आईचं पेन्शन हा पगार नाही, कारण तिने नोकरी केली नाही. (डबे, बाबांच्या रात्रपाळ्या, जिल्ह्यातल्याच बदल्या, दोन पोरं, सासू हे सगळं नोकरीत मोडत नाही.) ते येतं ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या शीर्षकाखाली. तिथे वजावट रकमेची एक तृतीयांश किंवा २५,०००, यातली कमी ती. हे २५,००० सुद्धा २०२४ च्या अर्थसंकल्पातले. त्याआधी १५,००० होते आणि जुन्या पद्धतीत अजून तेवढेच आहेत. ‘पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही’ अशी जी घोषणा पेपरांत झळकली, तिच्यात विधवेला सव्वाबाराच. पन्नास हजारांचा फरक, फक्त नवरा मेल्याबद्दल.

“इतर स्रोत म्हणजे काय?” आईने विचारलं.

मी यादी वाचली. व्याज, लाभांश, लॉटरी, घोड्यांच्या शर्यती.

“मले काय लॉटरी लागली का रे?”

सीएसाहेब सज्जन गृहस्थ. ते पंख्याकडे बघू लागले.

आमच्या पावर हाउसात ‘सरकारी’ हा शब्दही जरा जपून वापरावा लागतो. स्टेशनात उतरून कोणालाही विचारा, पोलाद कारखान्यातली नोकरी सरकारीच. १९५९ ला पहिली धमनभट्टी पेटवायला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते, आणखी काय पाहिजे? भंडारा-गोंदियाकडून आलेल्या आमच्या मराठी घरांमध्ये मुलगी देताना कारखाना आणि रेल्वे एकाच मापाने मोजायचे. आयकराचं माप वेगळं. रेल्वेवाल्याची ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त, कारखान्यातल्याची वीस लाखांपर्यंत. निवृत्तीच्या वेळचे रजेचे पैसे रेल्वेवाल्याला पूर्ण माफ, कारखान्यातल्याला पूर्वी तीन लाखांपर्यंत. हे तीन लाख २००२ ला ठरले आणि २०२३ पर्यंत तिथेच बसून राहिले. एकवीस वर्षांत लोखंडही गंजून सांडलं असतं. मग एकदम पंचवीस लाख झाले. २०२३ च्या मार्चमध्ये निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले काका त्या एप्रिलचं नाव काढलं तरी अजून विषय बदलतात.

नोकरीत असतानाच माणूस गेला तर मात्र खातं हळवं होतं. त्याच्या शिल्लक रजेचे पैसे वारसांना मिळतात, त्यावर कर नाही. हे १९६५ च्या एका पत्राने ठरलेलं आहे. भरपाई म्हणून विधवेला किंवा वारसांना एकरकमी दिलेल्या पैशांवरही कर नाही, हे १९९० च्या परिपत्रकाने. म्हणजे रजेचे पैसे पुरेपूर करमुक्त करून घ्यायचा कारखान्यातला खात्रीचा उपाय एकच होता, रजेवर जाऊन परत न येणं. ही दोन्ही परिपत्रकं कुणाला माहीत नसतात. घरात प्रेत असताना १९६५ ची फाइल कोण काढतो? मालकाचं कार्यालय टीडीएस कापून मोकळं होतं आणि मग ती विधवा रिफंडाच्या रांगेत, म्हणजे आमच्या मागे.

तर रिटर्न. नोव्हेंबरचे खरे ११ दिवसांचे पैसे धरले, १४,६२८. वार्षिक माहितीपत्रकात ‘ही माहिती चूक आहे’ असं कळवायची सोय असते, तिथे कळवलं. कारण निवडायचं होतं. यादीत ‘करदाता त्या दिवशी जिवंत नव्हता’ असं काही मला सापडलं नाही. जवळपासचं निवडलं. ओटीपी आईच्या आधारवर, म्हणजे माझ्याच फोनवर आला. बाबांचं शेवटचं रिटर्न आईच्या अंगठ्याने, माझ्या मोबाइलवर, सीएसाहेबांच्या दुकानात दाखल झालं. पेढे कोणी वाटले नाहीत.

“पापा का पॅन सरेंडर कर दें?” मी विचारलं.

“रिफंड आने दो पहले.”

मधल्या काळात कायदाच बदलला होता. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा गेला आणि २०२५ चा आला. आता ‘मागील वर्ष’ नाही, ‘कर निर्धारण वर्ष’ नाही, नुसतं ‘कर वर्ष’. बरं झालं, मी म्हटलं, बाबांना हे शिकावं लागलं नाही. ते जुन्या कायद्यात जन्म काढून जुन्याच कायद्यात गेले.

ऑगस्टमध्ये रिफंड आला. सकाळी आईच्या चहाच्या वेळेला मेसेज वाजला. तिने चष्मा लावून वाचला.

“बारा हजार ना?”

“हो.”

“इथं तर बारा हजार तीनशे हायेत.”

मी पाहिलं. एप्रिलपासून महिना अर्धा टक्का, पाच महिने. उशिरा परत केल्याबद्दल सरकारने दिलेलं व्याज, ३०० रुपये. बाबांच्या पॅनवर.

सीएसाहेबांना फोन लावला. ते क्षणभर थांबले. म्हणाले, “ब्याज पर तो इनकम बनती है. इस साल की.” इस साल, म्हणजे २०२६-२७. नवा कायदा, नवं कर वर्ष.

पॅन सरेंडरचा अर्ज मी आदल्या रात्री भरून ठेवला होता. तो बंद केला आणि आईला म्हटलं, चहा निवतोय.